वाफा, बोका आणि काळी माती

दसरा उलटला की परभणीतल्या घरांच्या परसात मेथी-कोथिंबिरीचे वाफे पडू लागतात. संध्याकाळी कुदळ चालवून माती मोकळी करायची, ढेकळं फोडायची, हातानं रेघा ओढून बी पेरायचं आणि वरून झारीनं हलकं पाणी द्यायचं. सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जावं, तर वाफ्याच्या मधोमध खळगा, त्याच्या कडेला ओढून लावलेली माती आणि नाकात शिरणारा उग्र वास. दोन ओळींतलं बी विखुरलेलं असतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "बोका येऊन गेला." मग काठी, दगड, फिनाईल, तिखट, जे सुचेल ते बाहेर निघतं. आठ दिवसांनी वाफ्यात पुन्हा तसाच खळगा असतो.

हे चक्र तुटत नाही, कारण आपण मांजराशी भांडत असतो आणि मांजर मातीकडे आलेलं असतं. ते वैर धरून येत नाही. त्याला हवी तशी माती मोहल्ल्यात जिथं मिळते तिथं ते जातं, आणि ती माती आपणच संध्याकाळी कुदळीनं तयार करून ठेवलेली असते. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की बाग राखण्याची रीत आपोआप बदलते.

पिशवीत विकली जाणारी माती

परभणी जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर वसला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा खडक. तो झिजून गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यात जी काळी कसदार जमीन तयार झाली, तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर आहे. या खनिजाचे थर पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणूनच पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल चिकटतो आणि उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगण्या-आक्रसण्याच्या या खेळात वरचा थर आपोआप फुटून बारीक, मोकळ्या कणांचा होतो. शेतकऱ्याला ही जमीन भुसभुशीत वाटते. मांजराच्या पंज्यालाही ती तशीच लागते.

आता अमेरिकेतली एक गोष्ट ऐका. १९४७ सालच्या हिवाळ्यात मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण आली. घरातल्या मांजरासाठी ती वाळू वापरायची आणि वाळू थंडीनं गोठली होती. लो याच्याकडे कारखान्यांत सांडलेलं तेल शोषायला वापरतात ती दाणेदार चिकणमाती होती. त्यानं तीच दिली. ती ओल शोषून घेई, वास दाबून धरी आणि पायाला चिकटून घरभर पसरत नसे. त्यातून मांजराच्या मातीचा मोठा उद्योग उभा राहिला. पुढं १९८४ च्या सुमारास थॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञानं बेंटोनाइट वापरलं. ओल लागताच त्याचा गोळा होतो आणि तेवढाच उचलून टाकता येतो. बेंटोनाइटमध्ये मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट असतं आणि ते स्मेक्टाइट गटातलंच खनिज आहे.

म्हणजे पुण्या-मुंबईच्या दुकानांत मांजरांसाठी जी माती पिशव्यांत भरून विकतात, तिच्या नात्यातली माती परभणीच्या प्रत्येक परसात पसरलेली आहे. ती कोरडी आणि मोकळी करून ठेवली की शेजारच्या मांजराला वेगळं आमंत्रण लागत नाही.

वाळवंटातून आलेली सवय

घरातलं मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानटी मांजराचं वंशज आहे. जनुकांच्या अभ्यासातून हे २००७ साली स्पष्ट झालं. माणसानं धान्य साठवायला सुरुवात केली, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागं मांजर आलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. आपल्याकडं जिथं जिथं कणगी, बळद आणि पेव होतं, तिथं मांजराचं येणं-जाणं घरच्यासारखं होतं. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदी घरांत तर एका माळवदावरून दुसऱ्यावर जाणारी मांजराची वाट ठरलेली असे.

त्या वाळवंटी पूर्वजांकडून मांजराला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे कमी पाण्यात भागवणारी मूत्रपिंडं. मांजराचं मूत्र अतिशय घट्ट असतं. शिवाय त्यात फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते मोडलं की गंधकयुक्त संयुगं तयार होतात आणि त्यांचाच तो डोक्यात जाणारा दर्प. खच्ची न केलेल्या बोक्यात फेलिनिनचं प्रमाण बरंच जास्त असतं. दुसरी गोष्ट म्हणजे मऊ वाळू उकरून विष्ठा झाकण्याची सवय. तीन-चार आठवड्यांचं पिल्लूही मोकळी माती दिसली की पंजे चालवू लागतं. ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

बागेत आपल्याला दोन वेगळ्या खुणा दिसतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. वाफ्यातला उकरलेला खळगा म्हणजे शौच. फाटकाच्या खांबावर, कुंडीच्या बाजूवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर उभ्यानं उडवलेली धार म्हणजे हद्दीची खूण. पहिलीचा उपाय मातीत आहे. दुसरीचा उपाय शस्त्रक्रियेत आहे, त्याकडे पुढं येऊ.

उकिरडा गेला, वाफा राहिला

आजी-आजोबांच्या काळात मांजरं कमी नव्हती, तरी वाफे उकरल्याची एवढी तक्रार नसे. याचं कारण जमिनीच्या व्यवस्थेत होतं. अंगण चोपून टणक केलेलं आणि शेणानं सारवलेलं असे. त्यावर पंजा चालत नाही. परसाच्या टोकाला उकिरडा असे, चुलीतली राख तिथं पडत असे आणि कडेला मोकळी पांढरी माती असे. मऊ, कोरडी, आडोशाची जागा मांजराला हवी असते, ती सगळी तिथं होती. ते आपलं आपण तिकडे जाई.

आज नव्या वसाहतींत रस्ता सिमेंटचा, अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक, चूल गेली म्हणून राख नाही आणि कचरा घंटागाडीत जातो. शेजारचा रिकामा प्लॉटही बांधला गेला. साऱ्या गल्लीत मोकळी माती उरली ती फक्त तुळशीच्या कुंडीत, मेथीच्या वाफ्यात आणि बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात. मांजराची जागा आपण काढून घेतली आणि त्या बदल्यात त्याला दुसरी दिली नाही. हे उमगलं की रागाची धार आपसूक कमी होते.

काळजी कशाची घ्यायची

मांजराची विष्ठा भाजीच्या वाफ्यात नको, याला ठोस कारण आहे. टोक्सोप्लाझ्मा गोंडी हा परजीवी १९०८ साली ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यात सापडला. तो माणसात येतो कसा, याचं कोडं मात्र पुढं साठ वर्षं सुटलं नव्हतं. १९७० च्या सुमारास कळलं की या परजीवीचं लैंगिक जीवनचक्र फक्त मार्जार कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात पूर्ण होतं आणि त्याच्या अंडीसदृश पुटिका विष्ठेतून बाहेर पडतात. हे उलगडणाऱ्यांत भारतात जन्मलेले पशुवैद्यक जितेंदर दुबे यांचा मोठा वाटा आहे.

यातल्या दोन गोष्टी बागवाल्यांनी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. मांजर आयुष्यभर या पुटिका टाकत नाही. बहुधा पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच टाकतं. आणि ताज्या विष्ठेतल्या पुटिका लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज सकाळी घाण उचलली तर धोका तिथंच तुटतो. राहिली तर सावलीतल्या ओल्या मातीत त्या पुटिका वर्षभरही टिकू शकतात. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना मानवत नाही.

निरोगी माणसाला हा संसर्ग झाला तरी बहुतेक वेळा कळतही नाही. गर्भवती स्त्रीला तो पहिल्यांदाच झाला तर मात्र बाळाला धोका असतो. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांनाही जपावं लागतं. म्हणून घरात गरोदर लेक-सून असेल तर वाफ्याचं काम दुसऱ्या कुणी करावं. तिला करायचंच असेल तर हातमोजे घालून करावं आणि नंतर साबणानं हात धुवावेत. परसातली पालेभाजी सगळ्यांनीच वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवावी. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस हीसुद्धा या परजीवीची मोठी वाट आहे, म्हणून सगळा दोष मांजरावर टाकून चालणार नाही.

मांजरांच्या आतड्यातले आकडेकृमी आणि गोलकृमीही मातीत उतरतात. काही आकडेकृमींच्या अळ्या उघड्या पायाच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजरी रेघ उठवतात. लेकरं वाळूच्या ढिगात खेळत असतील तर रात्री तो ढीग ताडपत्रीनं झाकून ठेवावा. मांजराची विष्ठा भाजीच्या कंपोस्टमध्ये कधीच टाकू नये.

जे करू नये

फिनाईल हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. फेनॉलसारखी द्रव्यं मोडून बाहेर टाकण्याची यकृतातली एक वाट मांजरात जवळजवळ बंद असते. पंज्याला लागलेलं फिनाईल ते चाटतं आणि विषबाधा होते. आपल्या मातीतले जिवाणूही मरतात. डांबराच्या गोळ्यांचंही तेच. त्या मांजराला विषारी आहेत आणि लेकरांच्या हाती लागल्या तर त्यांनाही. तिखट टाकलं की ते मांजराच्या डोळ्यांत आणि पंज्यांत जातं. पहिल्या पाण्यासरशी ते वाहून जातं आणि मांजर परत येतं, म्हणजे नुसता छळ होतो, उपयोग काही नाही. अमोनियाचा वास असलेलं द्रावण भिंतीवर ओतलं तर बोक्याला तिथं दुसऱ्या बोक्याची खूण वाटू शकते.

रंगीत पाण्याच्या बाटल्यांविषयी सांगायलाच हवं. लाल किंवा निळं पाणी भरलेल्या बाटल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात फाटकापाशी दिसतात, बहुतेक कुत्र्यांसाठी. जपानमध्ये मांजरांसाठी अशाच साध्या पाण्याच्या बाटल्या घरापुढं ओळीनं मांडतात. मांजराला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, करडा वाटतो. चकाकीनं ते एखादा दिवस बिचकेल, पण नंतर त्याच बाटलीला अंग घासून जाईल. माणसाला ऐकू न येणाऱ्या कर्कश ध्वनीच्या यंत्रांचा थोडा उपयोग होतो. २००६ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन प्रयोग होते. त्यांपैकी एकात मांजरांचं बागेत शिरणं साधारण एक-तृतीयांशानं कमी झालं, दुसऱ्यात तसा फरक दिसला नाही. एवढ्यासाठी यंत्राचा खर्च करायचा का, हे आपापलं ठरवावं.

पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येणं ही जुनी खोड आहे. मांजर बऱ्याचदा परत येतं. नाही आलं तर रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येतं, कारण उंदीर आणि शिळंपाकं तिथंच असतं. अनोळखी जागी सोडलेलं मांजर अनेकदा उपासमारीनं मरतं. मांजर मारल्याचं पाप फेडायला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं जुनी माणसं सांगत. आजचा कायदाही तेच बजावतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं प्राण्याला छळणं आणि अपायकारक द्रव्य देणं गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला विष घालून किंवा मारून नुकसान केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वाफा राखण्याची रीत

मांजराला कोरडी, मोकळी आणि उघडी माती हवी असते. या तीनपैकी एक गोष्ट जरी काढून घेतली तरी पुष्कळ काम होतं. तिन्ही काढून घेतल्या तर वाफा त्याच्या कामाचा राहत नाही.

सुरुवात तुराट्यांपासून करा. तूर आणि कापूस निघाल्यावर तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे भारे गावोगाव पडलेले असतात. पेरणी झाली की वाफ्यावर तुराट्या आडव्या आणि उभ्या टाकून चौकटी करा. दोन काड्यांत वीतभर अंतर ठेवा. मांजराला उकरायला आणि मागं वळून बसायला ऐसपैस जागा लागते, ती या चौकटीत मिळत नाही. मेथी त्यातून सहज वर येते. बाभळीचे काटे मात्र नकोत. ते आधी आपल्याच लेकरांच्या पायात मोडतात.

वेलभाज्या किंवा भेंडी टोकायची असेल तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी वाफ्यावर सपाट अंथरा आणि कडेला विटा ठेवा. 'परभणी क्रांती' ही भेंडी इथल्या कृषी विद्यापीठानं १९८५ साली दिली. हळद्या रोगापुढं टिकणारी म्हणून ती देशभर गेली. पण विषाणूपुढं टिकणारं बीही उकरून उघड्यावर पडलं तर वाळून जातं. कोंब वर आले आणि पानं जाळीला टेकू लागली की जाळी काढून घ्या. तोवर मुळं धरलेली असतात, खोडाभोवती आच्छादन घालता येतं.

आच्छादनाला आपल्याकडं तोटा नाही. सोयाबीनचं काड, ज्वारीच्या कडब्याचे तुकडे, वाळकी पानं, काहीही चालतं. थर मात्र चार बोटं तरी हवा. पातळ थर मांजर सहज बाजूला सारतं. उन्हाळ्यात याच थरानं ओल टिकते आणि पाण्याची एक पाळी वाचते. टंचाईच्या दिवसांत ही बचत मोठी आहे. कुंड्यांमध्ये रोपाभोवती नदीतले गोटे किंवा विटांचे तुकडे बसवा.

पाणी देण्याची वेळही बदलून पाहा. मांजरं बहुधा रात्री आणि पहाटे येतात. संध्याकाळी वाफा चांगला भिजेल असं पाणी दिलं तर रात्री वरची काळी माती ओली आणि चिकट असते, आणि तो चिखल पंज्याला लागलेला मांजराला आवडत नाही. पावसाळ्यात याच कारणानं ती वाफे सोडून छपराखालच्या कोरड्या कुंड्यांकडे वळतात. तेव्हा राखण कुंड्यांची करायची.

खताकडेही लक्ष असू द्या. हाडांचं किंवा मासळीचं खत वरवर टाकलं तर वासानं मांजर उकरायला येतं. ते खोल मिसळा.

एक तण मात्र ओळखून ठेवा. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला खोकली उगवते, काही जण तिला खाजोटी म्हणतात. तिच्या उघड्या पडलेल्या मुळांचा वास मांजराला वेड लावतो. ते त्यावर लोळतं, मूळ चावतं. निंदणी करून खोकली उपटून वाफ्याच्या कडेला तशीच टाकली, तर मोहल्ल्यातली मांजरं गोळा झालीच म्हणून समजा. उपटलेली खोकली बागेबाहेर न्या.

मोसंबी-संत्र्याच्या सालींचा वास मांजराला नकोसा असतो. रसवाल्याकडून साली आणून वाफ्याच्या कडेला टाकता येतात. वाळल्या की वास जातो, म्हणून दोन-तीन दिवसांनी नव्या टाकाव्या लागतात. जोडीला हा उपाय ठीक आहे, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये.

जुनी घाण साफ केल्याशिवाय यातलं काहीच लागू पडत नाही, कारण मांजर आपल्याच वासाच्या मागावर परत येतं. हातमोजे घालून विष्ठा उचला, भोवतालची ओंजळ-दोन ओंजळ माती काढून टाका. फाटकावरची धार एन्झाइम असलेल्या कपड्यांच्या पावडरीच्या पाण्यानं घासून धुवा. एन्झाइमं त्या वासाचे घटक तोडतात. फिनाईल नुसतं त्यावर वासाचं पांघरूण घालतं.

मांजराचा कोपरा

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाफ्यातून हटवलेलं मांजर कुठंतरी जाणारच. ते शेजाऱ्याच्या वाफ्यात गेलं तर प्रश्न फक्त भिंत ओलांडून पलीकडे गेला. म्हणून त्याचा उकिरडा त्याला परत द्या.

परसाच्या टोकाला, भाजीपासून आणि पाण्याच्या हौदापासून लांब, दोन फूट बाय तीन फूट जागा निवडा. थोडा आडोसा असावा, कारण त्या क्षणी मांजर सावध असतं आणि त्याला पळायची वाट दिसावी लागते. वीतभर खोल उकरून चाळलेली कोरडी माती आणि थोडी वाळू भरा. चुलीची किंवा बंबाची राख मिळाली तर तीही मिसळा. वर पत्र्याचा तुकडा टाकला तर पावसात जागा कोरडी राहते. पहिल्या दिवशी वाफ्यात सापडलेली विष्ठा तिथं पुरा. मांजराला ती खूण पुरते.

मग रोज सकाळी खुरप्यानं घाण काढून वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात द्या. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण रोजचं आहे. मघाशी सांगितलेली पुटिका पक्व व्हायची मुदत आठवा. रोजच्या सफाईचं सगळं महत्त्व त्या एका दिवसात आहे. महिन्यातून एकदा सगळी माती उपसून बदला आणि खुरप्यावर उकळतं पाणी ओता.

शेजार आणि शस्त्रक्रिया

मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. सुमारे ६३ ते ६५ दिवसांनी विते आणि वर्षात दोन-तीनदा पिल्लं देऊ शकते. पिल्लं सात घरं फिरवते, असं आपण म्हणतो. त्या सात घरांपैकी एखादं आपलंही असतं. संख्या वाढत राहिली तर एक कोपरा पुरणार नाही. नसबंदी हाच टिकणारा उपाय आहे. खच्ची केलेल्या दहा बोक्यांपैकी साधारण नऊ जणांची धार मारण्याची सवय सुटते किंवा अगदी कमी होते आणि मूत्राचा दर्पही उतरतो. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथं आणि खासगी पशुवैद्यकांकडे या शस्त्रक्रियेची चौकशी करता येते. मांजर आपण स्वतः पकडायला जाऊ नये. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठावा, कारण मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो.

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हा प्रश्न गल्लीत नेहमी अडतो. दूध पाजणारं घर एक, घाण सोसणारं घर दुसरं. "काकू, तुमच्या मनीनं आमची मेथी नासवली," एवढं बोललं की काकू मनीची बाजू घेऊन उभ्या राहतात आणि बोलणं तिथंच थांबतं. त्याऐवजी म्हणून पाहा, "काकू, मनीसाठी कोपऱ्यात वाळू टाकतोय. मी गावाला गेलो तर तेवढी साफ करून घ्याल का?" माणूस आपल्या मांजरासाठी इतकं आनंदानं करतो. पुढं शस्त्रक्रियेचा खर्च तीन-चार घरांनी वाटून घेण्याचं बोलणंही याच वाटेनं निघतं.

पहिले पंधरा दिवस नेटानं लावून धरावं लागतं. मधे एखाद्या रात्री तुराट्या सरकलेल्या दिसतील, त्या पुन्हा नीट लावा. मग एखाद्या सकाळी चहा घेऊन बाहेर याल तेव्हा कोपऱ्यातल्या मातीवर पंज्यांचे ताजे ठसे आणि नीट झाकलेला उंचवटा असेल. वाफ्याकडे वळाल तर चौकटींमधून मेथीची दोन-दोन पानं वर आलेली असतील. खुरपं घ्या, कोपरा आधी साफ करा, हात धुवा आणि संध्याकाळ झाली की मेथीला पाणी द्या.